तिसऱ्या दिवसाचा रंग

आमच्या स्टुडिओत तिला सगळे जखमताई म्हणायचे. आधी कुणीतरी चेष्टेने म्हटलं असेल, मग ते चिकटलं, आणि पुढे तीसुद्धा फोन उचलून 'जखमताई बोलतेय' असंच म्हणायला लागली. टोळ्या, पोलीस, खून, बदला असल्या शहरी सिनेमांत माणसांचं जे काही फुटतं, चिरतं आणि सुजतं, ते ती रंगाने आणि मेणाने करायची. मी तिथला ड्रेसमास्तर. कपडे चढवायचे, उतरवायचे आणि सांगतील तसे फाडायचे. अठरा वर्षं तिची खुर्ची आणि माझ्या पेट्या एकाच खोलीत होत्या, त्यामुळे तिच्याबद्दल मी सांगतोय ते ऐकीव नाही.

फाडण्याचीही पद्धत असते. हिरोचा शर्ट दंडावर फाटतो. बाईचा ड्रेस खांद्यावर फाटतो, आणि तोही शिवणीवर, म्हणजे पुढच्या टेकला पुन्हा टाचता येतो. हे कुणी ठरवलं ते मला विचारू नका. मी आलो तेव्हा ठरलेलंच होतं, आणि मीही गुपचूप शिवण उसवत राहिलो.

ताईकडे एक जाड वही होती. शूटिंग उलटसुलट क्रमाने होतं, म्हणून कोणत्या सीनला जखम किती दिवसांची आहे ते तिला लिहून ठेवावं लागायचं. हिरोच्या भुवईवर एक चीर पडली की तिचे नऊ-नऊ फोटो वहीत. आज ओली, उद्या खपली, चार दिवसांनी टाके, शेवटी व्रण. तो व्रण घेऊनच तो शेवटच्या सीनमध्ये खलनायकाला मारायचा. नायिकेच्या पानावर एकच फोटो असायचा. तिला मार बसायचा, हिरो ते बघायचा, दात आवळून निघून जायचा. पुढच्या सीनला तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

"ही दोन दिवसांत बरी कशी झाली हो?" ताईने एकदा एका दिग्दर्शकाला विचारलं होतं.

"कोण बघतंय?" तो म्हणाला. "तिचं काम झालं ना."

ते खरंच होतं. आमच्या सिनेमात बाईला मार बसतो तो पुरुषाला राग यावा म्हणून. राग आला की बाईचं काम संपलं.

मला या गोष्टीचा तेव्हा काही त्रास झाला नाही, हे कबूल करतो. ताईला होत असावा. कारण तिने हे काम शिकताना फार मेहनत घेतली होती. ती आली होती साधा मेकअप करायला, पण सुंदर चेहरे जुन्या पुरुष मंडळींनी आपसांत वाटून घेतलेले होते. नव्या बाईच्या वाट्याला प्रेतं आली. ती म्हणाली, ठीक आहे, प्रेतं तर प्रेतं. मग दोन महिने ती सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागाबाहेर बाकावर जाऊन बसायची. कोण कुठे सुजतं, रक्त वाळल्यावर कसं दिसतं, मुका मार पहिल्या दिवशी कसा लालसर असतो, तिसऱ्या दिवशी जांभळा, पाचव्या दिवशी हिरवट, मग पिवळा, हे सगळं तिने डोळ्यांत तेल घालून टिपून घेतलं. पहिल्या सिनेमात तिने एका नटीला चार दिवसांची मारहाण केली. म्हणजे रंगाने. एक डोळा अर्धा बंद, नाक सुजलेलं, गाल पिवळा-हिरवा. मी बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

दिग्दर्शक आला, त्याने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "ही मार खाल्लेली वाटत नाही हो. ही आजारी वाटते."

ताईने सगळं पुसलं. ओठाच्या कोपऱ्यात रक्ताचा एक थेंब, गालावर एक जांभळी छटा, बस. सगळ्यांनी वाहवा केली. तेव्हापासून तिने बाईच्या नाकाला हात लावला नाही, डोळा सुजवला नाही, पिवळा रंग उघडला नाही. पिवळ्याची डबी वाळून खडखडीत झाली तरी तिने फेकली नाही, एवढंच.

मेलेली बाई असली तर आणखी काळजी. पुरुषाचं प्रेत कसंही चालतं, तोंड वासलेलं, गटारात पडलेलं. बाईचं प्रेत झोपल्यासारखं दिसलं पाहिजे, केस उशीवर पसरलेले, ड्रेस फिकट रंगाचा. फिकट कपड्यात बाई बिचारी दिसते. तो ड्रेस मी काढून द्यायचो.

ताईने लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटी बहीण अकराची. धाकटीचा अभ्यास, दुखणी, केस विंचरणं, सगळं हिने केलं. धाकटीचं स्थळही हिनेच बघितलं. "निर्व्यसनी आहे, हळू बोलतो," असं मला कौतुकाने सांगितलं होतं. लग्नात मी गेलो होतो. मुलगा खरंच हळू बोलत होता.

धाकटी लग्नानंतर दोनदा ताईकडे निघून आली. दोन्ही वेळा तो चार नातेवाईक घेऊन आला, हात जोडले, हळू बोलला आणि तिला घेऊन गेला. ताईने मला एवढंच सांगितलं, की त्यांचं पटत नाही. मी पुढे विचारलं नाही. आमच्या खोलीत माणसं एकमेकांच्या इतक्या जवळ असतात की न विचारणं हीच सभ्यता असते, असं मी स्वतःला समजावत आलो आहे. ते खोटं आहे. मला नसतं लचांड नको होतं.

त्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो. दारात धाकटी उभी राहिली. मोठ्या लाल फुलांचा ड्रेस, कानांत डूल, केस नीट बांधलेले. आरशाभोवतीचे दिवे चालू होते, त्यांचा सगळा उजेड तिच्या तोंडावर पडला. ताईने कप खाली ठेवला.

"पाचवा दिवस," ती म्हणाली.

पहिले शब्द हेच. धाकटीने मान हलवली.

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी संध्याकाळी. फोन काढून घेतला, कोंडून ठेवलं, ताई. आज त्याची किल्ली घरी राहिली तेव्हा निघाले."

मग ताई रडली. धाकटी रडली नाही. तिच्या गालाच्या हाडावर हिरवट-पिवळा पट्टा होता, जबड्यापर्यंत उतरलेला. दंडावर तसेच चार डाग, बोटांचे. मी अठरा वर्षांत इतक्या जखमा बघितल्या, पण ही बघून माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की हे मार खाल्ल्यासारखं दिसत नाही.

त्याच दुपारी आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो. काय हवं आहे ते ताईला पक्कं माहीत होतं. तक्रार नोंदवली गेली, डॉक्टरने मार लिहून दिला, तर त्याला तिच्या जवळपास फिरकायची बंदी होते. मग चार सोडून चाळीस नातेवाईक आणले तरी धाकटी ताईच्या घरी राहू शकते. तक्रार झाली नाही तर तो तिसऱ्यांदा येणार आणि घेऊन जाणार. आणि तो या वेळी शुक्रवारी म्हणाला होता, की पुन्हा गेलीस तर परत आणल्यावर बघतो. म्हणजे सगळं त्या एका कागदावर होतं.

महिला तक्रारींसाठी तिथे एक बाई अधिकारी होत्या. थोराड बांधा, चष्मा, टेबलावर फायलींचा डोंगर. वाईट नव्हत्या. त्यांनी धाकटीला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"कुठे मारलंय?"

धाकटीने गाल पुढे केला.

"हे पिवळं? हे काविळीसारखं दिसतंय." त्यांनी चष्मा वर केला. "मार असा नसतो, बाई. आणि तुम्ही अगदी तयार होऊन आलात."

"सरकारी ऑफिसात यायचं म्हणून चांगला ड्रेस घातला," धाकटी म्हणाली.

"बरं. उद्या अकराला या. शेजारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई असतात, त्या बघतील. नवऱ्यालाही बोलावून घेते. पण काही ठळक असेल तरच मला लिहिता येईल, आधीच सांगते."

मी ताईचा चेहरा बघत होतो. 'ही आजारी वाटते' असं म्हणणारा तो दिग्दर्शक तिला आठवला असणार. अठरा वर्षं ती जांभळा रंग लावत राहिली आणि मी फिकट ड्रेस देत राहिलो, आणि त्या बाई अधिकाऱ्यांनी ते सगळे सिनेमे बघितले होते.

बुधवारी सकाळी नऊ वाजता ताईचा फोन आला. "मास्तर, घरी या. एक साधा ड्रेस घेऊन या. फिकट."

मी काय करतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि बरोबरही वाटत होतं. मी पेटीतून एक फिकट निळा ड्रेस काढला, काखोटीला मारला आणि निघालो.

ताईच्या घरी धाकटी खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती आणि ताई तिच्यासमोर स्टुलावर. मांडीवर रंगांची पेटी उघडी. मी दारातच थांबलो.

"ताई, हे..."

"मी खोटं काही करत नाहीये, मास्तर." तिने वर पाहिलं नाही. "मार खराच आहे ना? जागा तीच, आकार तोच. मी फक्त रविवारपर्यंत मागे नेतेय. तिसऱ्या दिवसापर्यंत. रविवारी ती येऊ शकली असती तर असंच दिसलं असतं."

"ताई, नको," धाकटी म्हणाली. "आहे तसंच जाऊ."

"आहे तसं त्यांना दिसत नाही गं." ताईने ब्रश उचलला. "काल बघितलंस ना? तू हलू नकोस."

धाकटी हलली नाही. लहानपणी केस विंचरताना बसत असेल तशी मान ताठ ठेवून बसली. ताईचा हात इतका हलका होता, की खालचा दुखरा गाल दाबला गेला नसावा. तिने घामाने किंवा पाण्याने न निघणारा रंग वापरला, फक्त स्पिरिटने उतरणारा. दहा मिनिटांत पिवळ्याचा जांभळा झाला. ताईने आयुष्यात केलेलं ते सगळ्यात अचूक काम होतं. वहीतल्या नऊ फोटोंमधला तिसरा फोटो, बाईच्या गालावर, पहिल्यांदाच.

डॉक्टर हात लावेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्हा दोघांची अक्कल सिनेमातली. आमचा डॉक्टर बाईला हात लावत नाही. तो दारात उभा राहतो, चष्मा काढतो आणि मान हलवतो.

चौकीत नवरा आधीच येऊन बसला होता. वीस वर्षं मी खलनायकांना कपडे चढवतोय, काळे शर्ट, जाड साखळ्या. या माणसाला मी कारकुनाचा रोल दिला असता. क्रीम रंगाचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला आणि ताईला म्हणाला, "बसा ना ताई."

बाई अधिकाऱ्यांनी आज धाकटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "काल कमी उजेडात नीट दिसलं नाही वाटतं." त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला. नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो खाली बघायला लागला. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या पाच मिनिटांत मला वाटलं की झालं, सुटली पोरगी.

मग शेजारच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, घाईतल्या. धाकटीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "सूज कमी आहे, रंग मात्र जास्त," असं स्वतःशीच पुटपुटल्या. गाल स्वच्छ करायला कापूस घेतला, बाटलीतलं स्पिरिट त्यावर ओतलं आणि एकदाच पुसलं.

कापूस जांभळा झाला.

डॉक्टरीणबाईंनी तो कापूस बाई अधिकाऱ्यांच्या टेबलावर, कोऱ्या फॉर्मवर ठेवला.

"मला सांगायला लाज वाटत होती, मॅडम," नवरा हळू आवाजात म्हणाला. "हिची बहीण सिनेमात जखमा रंगवते."

"खाली बघा," ताई उठून म्हणाली. "रंगाच्या खाली बघा. तिथे खरं आहे. पिवळं आहे ते खरं आहे. मी फक्त..."

"तुम्ही बसा."

"खांद्यावर आहे का काही?" असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी धाकटीची कॉलर मागे ओढली. मला त्या क्षणी आठवलं. कॉलरच्या आत मीच शिवलेली कापडी चिठ्ठी होती. आमच्या प्रत्येक ड्रेसला असते. डॉक्टरीणबाईंनी ती मोठ्याने वाचली.

"पीडिता, सीन एकतीस."

रंगाचं कदाचित निभावलं असतं. ताई रडली असती, बाईंनी खालचा पिवळा डाग बघितला असता, कुणास ठाऊक. त्या चिठ्ठीनंतर कुणी काही बघणार नव्हतं. ती चिठ्ठी माझी होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे सांगतो.

बाई अधिकारी चिडण्यापेक्षा दुखावल्या होत्या. "खऱ्या बायका येतात हो माझ्याकडे," त्या ताईला म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांमुळे उद्या त्यांच्यावरही मी विश्वास ठेवणार नाही." खोट्या तक्रारीचा गुन्हा त्यांनी लावला नाही, कारण नवऱ्यानेच हात जोडून विनंती केली. तो उदार झाला.

चौकीच्या पायऱ्यांवर धाकटी थांबली. "ताई, हे पुसून दे," ती म्हणाली. "हे घेऊन मी त्याच्या घरी जाणार नाही." ताईने पर्समधून स्पिरिटची छोटी बाटली काढली आणि सगळा रंग उतरवला. खाली तिचा पिवळा गाल होता, भर उन्हात, सगळ्यांसमोर. नवरा चार पावलांवर रिक्षा थांबवून उभा होता. ती गेली.

त्यानंतर ताई कामावर येत राहिली, पण तिच्या हातात पूर्वीची सफाई राहिली नाही. एका नटीच्या गालावर तिने न विचारता पिवळा लावला. दिग्दर्शक ओरडला, तिने पुसला. धाकटी फोन उचलत नव्हती. ताई दोनदा तिच्या घरी गेली, दोन्ही वेळा नवऱ्याने दार उघडून चहाचा आग्रह केला आणि धाकटी झोपली आहे म्हणून सांगितलं. ताई मला म्हणायची, "मास्तर, तो तिला आता कुठेही मारू शकतो. तिच्या अंगावर काहीही दिसलं तरी ते मीच काढलेलं आहे." मी पेट्या आवरत बसायचो.

साडेतीन महिन्यांनी दुपारी चौकीतून फोन आला. त्याच बाई अधिकारी. "तुमची बहीण इथे आली आहे. लवकर या. माझं ऐकत नाहीये."

खुर्चीत नायिका बसली होती, ओठाच्या कोपऱ्यात अर्धा थेंब. ताई तिला तशीच सोडून पळाली आणि मी तिच्या मागे.

धाकटी टेबलासमोर उभी होती. तोच लाल फुलांचा ड्रेस. टेबलावर कापसाचा गुंडाळा आणि स्पिरिटची मोठी बाटली, तिने येतानाच विकत घेतलेली. ती आपला गाल घासत होती. नव्या माराची सूज होतीच, आता वरची कातडीही निघाली होती आणि कापसावर लाल डाग पडत होते. एकेक बोळा ती टेबलावर ओळीने ठेवत होती.

"बघा ना बाई," ती शांतपणे सांगत होती. "पाण्याने नाही, स्पिरिटने पुसतेय. निघत नाही. तुम्हीही पुसून बघा. कॉलर बघा. माझाच ड्रेस आहे, चिठ्ठी नाही."

"थांब गं आता," बाई अधिकारी तिचा हात धरत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी लिहिलंय. हे बघ, लिहिलंय सगळं. सही पण केली. थांब."

त्यांनी खरंच लिहिलं होतं. त्या कागदासाठी एवढं सगळं झालं होतं, आणि तो आता टेबलावर बोळ्यांच्या शेजारी पडला होता. धाकटीला त्यांनी खुर्चीवर बसवलं, खणातून मलमाची ट्यूब काढली आणि ताईकडे दिली. "तुम्ही लावा. तुमचा हात हलका असेल."

ताईने बोटावर मलम घेतलं आणि बहिणीसमोर वाकली. धाकटीने तिचं मनगट धरलं. रागाने नाही. अगदी सावकाश तो हात बाजूला केला.

"तू नको, ताई," ती म्हणाली. "तुझा हात लागला की खोटं होतं."

मग बाई अधिकाऱ्यांनीच मलम लावलं. त्यांची बोटं जाड होती, अर्धं मलम कानाकडे गेलं, दोनदा धाकटी कळवळली. ताई समोरच्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बघत बसली.